फाटलेला आवाज

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवायला दुकानात जाणं आमच्या निगडी-चिंचवडकडे जरा कमीपणाचंच समजतात. घरटी एक माणूस तरी भोसरी, तळवडे नाहीतर चाकणच्या कारखान्यात. पाने, पक्कड, मल्टिमीटर कुणाकडे ना कुणाकडे असतातच. पुण्याच्या तापकीर गल्लीतून वायर आणायची आणि रविवारी पार्किंगमध्ये सीट काढून बसायचं. बसवणं बहुतेकांना जमतं. पुढे आवाज बिघडला की मात्र सगळे स्पीकरला शिव्या घालतात.

आमच्या शेजारच्या पोराने त्याच्या जुन्या इंडिकात असाच अ‍ॅम्प बसवला. (इंडिका आमच्या पिंपरीचीच लेक. १९९८ साली आली, २०१८ साली उत्पादन थांबलं.) हौस त्याची, पण निमित्त अण्णांचं. आळंदीला जाता-येता अण्णांना भीमसेनांचे अभंग लागतात. तीसेक वर्षं फोर्जिंगच्या हॅमरपाशी काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठा आवाज हवा.

दोन आठवड्यांत अण्णा म्हणाले, "गाडीत गाणं लावू नकोस. बुवांचा आवाज फाटतोय." पोराने दोन-तीनदा ऐकून बघितलं. त्याला फाटलेलं काही ऐकू येईना, उलट इंजिनाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू येत होती. अण्णांना शिट्टी बिलकुल ऐकू येत नव्हती. झालं, निकाल लागला... अण्णांचे कान! आणि वाईट म्हणजे अण्णांनीही ते मान्य करून टाकलं. म्हणाले, "असेल बाबा." त्यानंतर आळंदीचा रस्ता मुकाट.

मी मेंटेनन्समधला माणूस. दोघं दोन वेगळ्या तक्रारी सांगतात तेव्हा बिघाडही दोन असू शकतात, हे मशीनवर वर्षानुवर्षं पाहिलंय.

आधी शिट्टी. ती अल्टरनेटरची. इंजिन रेस केलं की तिचा सूर तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत चढतो. कारखान्याच्या गोंगाटाने कान जातात ते सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे अण्णांना शिट्टी ऐकू न येणं अगदी नियमात बसत होतं. अ‍ॅम्पला डेककडून येणाऱ्या सिग्नलच्या पिना उपटल्या, शिट्टी बंद. म्हणजे अ‍ॅम्प आणि डेक यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडत होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थला लावलं आणि गाणं चालू केलं. ०.८ व्होल्ट! तिथे जेमतेम ०.१ दिसायला हवा. असा अ‍ॅम्प जोरात वाजताना पंधरा-वीस अँपिअर सहज ओढतो. २० अँपिअरच्या वाटेत ०.०५ ओहमचा अडथळा आला तरी एक व्होल्ट तिथेच खलास.

अर्थची थिंबल सीटखालच्या बोल्टला आवळलेली होती, पण रंगावरच. आट्यांमधून थोडाफार करंट जायचा, म्हणून अ‍ॅम्प चालू तरी व्हायचा. पोरगा चाकणला पेंट शॉपमध्ये आहे. पॉलिश पेपर हातात घेऊन तो थबकला. "काका, रंग खरवडायचा?" दिवसभर रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून जपणारा माणूस तो! शेवटी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला, गंजू नये म्हणून वर व्हॅसलीन. मीटर ०.०६ वर आला आणि शिट्टी गेली. (बॅटरीपासून आलेल्या वायरला फ्यूजच नव्हता. तो बॅटरीजवळ टाकून घेतला. ती वायर कुठे पत्र्याला घासली असती तर गाडीच पेटायची.)

"आता फाटत नसणार," पोरगा म्हणाला. अण्णांना बोलावलं. त्यांनी तान येईपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. फाटतंय.

मग अ‍ॅम्पवरचा गेनचा खुंटा बघितला. पार शेवटाला. अण्णांना मोठं ऐकायचं म्हणून पोराने तो आवाजाचं बटण समजून पिळला होता. त्याचं काम वेगळं. डेक किती व्होल्टचा सिग्नल देतो, ते अ‍ॅम्पला सांगायचं. डेक देतो २ व्होल्ट आणि खुंटा ०.२ वर असेल तर अ‍ॅम्प थोडक्यातच आपल्या मर्यादेला टेकतो. त्यापुढे तान चढली की लाटेचे माथे सपाट छाटले जातात. गळ्याचा सूर काही शे हर्ट्झचा, आणि छाटल्याने त्यात भर पडते ती त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट सुरांची. त्यातले बरेचसे अण्णांच्या शाबूत राहिलेल्या पट्टीत पडत होते. शिवाय हे अभंग त्यांचे पाठ. पोराच्या कानाला हल्लीच्या ठासून भरलेल्या गाण्यांची सवय, त्याला ते वावगं वाटलं नाही.

खुंटा शून्यावर आणला, डेकचा आवाज पाऊण केला. मी हळूहळू खुंटा फिरवत होतो आणि पुढच्या सीटवर अण्णा डोळे मिटून हात वर धरून बसले होते. "अजून... अजून... थांब. मागे घे जरा." आमच्या मल्टिमीटरला हे कधीच सांगता आलं नसतं.

पोरगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने अण्णाच म्हणाले, "डाव्या दारात पखवाजाबरोबर काहीतरी थरथरतंय, बघ." त्याने मला विचारलंसुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराचा पॅड उघडायला लागला.