गोदाक्काचं पुढे काय झालं?

दिवाळी अंकातल्या कथेवर पत्रं दिवाळीत येत नाहीत. ती येतात संक्रांतीनंतर, कधी पार गुढीपाडव्याच्या सुमाराला. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षं झाली, पण पाच-दहा अंक विकत घेणारी घरं थोडीच. बरेचसे वाचक हे अंक वाचतात ते वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत. एकदा वर्गणी भरायची, आणि मग एक अंक परत केला की दुसरा न्यायचा. आपली कथा कुणाच्या हाती कधी पडेल, याचा नेम नाही. तोवर लिहिणारी तिसऱ्याच कशात तरी गुंतलेली असते आणि दारात पोस्टकार्ड येऊन पडतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून येणारं कार्ड मी अक्षरावरूनच ओळखते. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. फळ्यावर घोटलेलं मोठं अक्षर, ‘स. न. वि. वि.’ झालं की थेट मुद्दा, आणि जागा संपली की कार्ड आडवं धरून समासात. आम्ही कधी भेटलेलो नाही. पहिल्या पत्रात कथा आवडली असं त्यांनी लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं, ‘गोदाक्काने वाड्यातली खोली अखेर सोडली का? बिल्डरने नवी जागा दिली, की हातावर पैसे ठेवले? कळवावे.’

कथा जिन्यात संपत होती. गोदाक्काच्या हातात किल्ली, खाली बिल्डरचा माणूस, बस्स. त्या शेवटाचा मला केवढा अभिमान होता! बाईंच्या लेखी मात्र तो शेवट नव्हताच. मी त्यांना द्यायची राहिलेली बातमी होती. मी उत्तरादाखल ‘शेवट वाचकांवर सोडला आहे’ असं काहीसं लिहिलं. त्यावर चार ओळींचं कार्ड आलं: ‘गोदाक्का तुमच्या ओळखीची. आम्ही काय सांगणार?’

कथा छापून येऊ लागल्या की स्वतःवरचा संशय जाईल, असं मला पूर्वी वाटायचं. झालं उलटंच. ‘साभार परत’च्या दिवसांत निदान संपादकाला नावं ठेवता येतात. छापून आल्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, तर दोष द्यायला आपल्याशिवाय कुणी उरत नाही. अशा वेळी स्तुतीचाही उपयोग नसतो. ‘छान लिहिता हं,’ असं कुणी म्हटलं की मनातला वकील लगेच उलटतपासणी घेतो: हे भिडेखातर बोलतायत, यांनी वाचलंय तरी का?

2020 सालच्या टाळेबंदीत तर या वकिलाला मोकळं रानच मिळालं. मी ज्या पुरवणीत सदर लिहायचे ती पुरवणीच बंद झाली. दिवाळी अंक जाहिरातींवर जगतात, आणि दुकानं बंद असताना जाहिरात देणार कोण? एका संपादकांनी सांगितलं, यंदा पानं निम्मी, मानधनाचं बघू. यजमानांचा पगार अर्ध्यावर आला होता. त्यापेक्षा वाईट म्हणजे, लोक कपड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन रस्त्याने गावाकडे चालत होते आणि मी टेबलाशी बसून कल्पनेतल्या बाईला जिन्यावरून उतरवावं की नाही याचा विचार करत होते. लाज वाटायची. वही मिटून ठेवली आणि मी डबे घासायला घेतले. खरंच घासले, सगळे.

जुलैत, संपादकांच्या मुदती सरत आलेल्या असताना, कोकणातल्या एका वाचनालयाच्या मालकांचा फोन आला. वाचनालयाला कुलूप होतं. उघडायची परवानगी मिळायला ऑक्टोबर उजाडायचा होता.

“ताई, यंदा तुमची कथा कुठल्या अंकात?”

“का हो?”

“यादी काढतोय. पैसे कमी आहेत, पंधराच अंक घेणार. तुमचा कुठला ते सांगा, म्हणजे तो घेतो. आमच्या चार-पाच सभासद बायका त्याच्यावर टपूनच असतात.”

धीर द्यायला त्यांनी फोन केला नव्हता. त्यांना हिशेब लावायचा होता. पण त्या हिशेबात मी धरलेली होते. मी एका अंकाचं नाव ठोकून दिलं. कथेची तोवर एक ओळही लिहिलेली नव्हती. फोन ठेवल्यावर घाम फुटला आणि रात्री वही उघडली. मनातल्या वकिलाला या फोनवर उलटतपासणी घेता येईना. चार-पाच बायकांना अंक हवा होता, यात खोटं काय शोधणार?

असं लांबून कुणी विचारलं की कथाकार जी. ए. कुलकर्णी आठवतात. धारवाडला लोकांपासून चार हात लांब राहणारे जी. ए. पत्रांतून मात्र मोकळे व्हायचे. सुनीताबाई देशपांड्यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचा आख्खा खंड निघाला आहे. ते वाचताना पूर्वी मला नवल वाटायचं, ज्याला माणसं नकोत त्याला पत्रं कशी हवीत? आता नाही वाटत. पत्र लिहिणारा वाचक अंगावर येत नाही. तो लांबून विचारतो, आणि उत्तराची वाट बघतो.

त्या जुलैत लिहिलेली कथा गोदाक्काचीच होती. ती खोली सोडते, बिल्डरकडून पैसे घेते आणि धाकट्या बहिणीकडे राहायला जाते. टपालाचा घोळ निस्तरून बाईंचं कार्ड आलं ते पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. ‘कथा वाचली. पटली नाही. गोदाक्का बहिणीकडे जाणारी बाई नव्हे. बहिणीने आजारपणात विचारले नव्हते, हे तुम्हीच पहिल्या कथेत लिहिले आहे.’ आणि समासात, आडवं: ‘बहिणीने माफी मागितली का? कळवावे.’

माफीचं मी अजून ठरवलेलं नाही. बहीण तशी हट्टी आहे. बाईंना तसं कळवलंय, आणि वाचनालयवाल्यांना यंदाच्या अंकाचं नाव.