पदराची उलटी बाजू

जाणती बाई पैठणी घ्यायला आली की मोर नंतर बघते, आधी पदर उलटा करते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची पाठ आणि पोट सारखंच दिसतं. पुढे जो मोर, तोच मागे. पदरावरचा एकेक रंग विणकराने जिथे हवा तिथेच, हाताने गुंफलेला असतो. मागे लपवावं असं काही उरतच नाही. यंत्रावर काढलेल्या नक्षीच्या पाठीला मात्र कातरलेले धागे लोंबतात. आमच्या अण्णांनी येवल्यातल्या दुकानाच्या गादीवर बसून आयुष्यभर पदर उलटे करून दाखवले. त्यांची गाडी मी दुरुस्तीला काढली, तेव्हा तीही उलटी करून बघायची असते हे समजायला मला वेळ लागला.

गाडी १९७४ सालची, प्रीमियर पद्मिनी. हे नाव तिला त्याच सुमाराला मिळालं. त्याआधी ती ‘फियाट अकराशे डिलाइट’ होती, मग थोडे दिवस ‘प्रेसिडेंट’. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि इटलीतल्या तुरीनची ही लेक कुर्ल्याच्या कारखान्यात घडू लागली. माहेरी तिचं उत्पादन साठच्या दशकातच थांबलं. इथे मात्र शतक सरेपर्यंत ती रस्त्यावर येत राहिली. नावं बदलली तरी लोकांनी तिला फियाटच म्हटलं. आमच्याही घरात ‘फियाट काढ’, ‘फियाट आली’ एवढंच.

नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे ते दिवस. अण्णांनी नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. बंगळूरचं रेशीम आणि सुरतेची जर मनमाड स्टेशनवर उतरायची, ती आणायला फियाट जायची. गल्लीतल्या कितीतरी मुली तिच्यातूनच सासरी गेल्या. झेंडूच्या माळा बॉनेटवर, आणि मागच्या सीटवर पैठणी नेसलेली, रडून डोळे लाल झालेली पोर. परत येताना अण्णा कधी पाकळ्या झटकत नसत. ‘वाऱ्याने जातील तेव्हा जातील,’ म्हणायचे.

तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढे सलग बाक, आणि त्या बाकावर अण्णा-आईच्या मधोमध माझी जागा. मनमाडच्या रस्त्याला लागलं की समोरच्या काचेत अंकाई-टंकाई किल्ल्यांची जोडी हळूहळू मोठी होत जायची. अण्णांचा डावा हात माझ्या गुडघ्यावरून गिअरकडे जायचा. त्या हाताला रेशमाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता. पुढे आयुष्यात मी पुष्कळ प्रवास केला. पण दोन्हीकडून माणसं टेकलेली आहेत, अशा निर्धास्तपणाने पुन्हा बसलो नाही.

अण्णा गेले आणि फियाट मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. ११ वर्षं. डिकीत उंदरांनी घर केलं, टायर बसले. रोज सकाळी त्या ताडपत्रीकडे बघून मी नजर वळवायचो. आई कधी काही म्हणाली नाही. फक्त दसऱ्याला न चुकता ताडपत्री उचलायची, बॉनेटला हळदकुंकू लावायची आणि पुन्हा झाकून टाकायची.

अखेर मिस्तरींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या पट्टीवरून फिरवू लागले. वर ते धरून राहिलं, खाली येताच गळून पडलं. ‘दादा, इथं लोखंड नाही. लांबी आहे.’ २० वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी रंगवून आणली होती. तेव्हा गंजलेला पत्रा तसाच ठेवून वरून लांबी थापली होती, आणि तिच्यावर चकचकीत रंग. मिस्तरींनी खरवडायला सुरुवात केली तसे लांबीचे पापुद्रे सुटले आणि आतून तपकिरी भुगा सांडला. मी गुडघ्यावर बसून वाकलो, तर गाडीच्या पोटातून पलीकडचा उजेड दिसला.

या गाडीला वेगळी चासी नसते. पत्रा हाच तिचा सांगाडा. तळ गंजला म्हणजे हाडच गंजलं. वरून आम्ही तिला सुंदर समजत होतो आणि खालून ती विरत होती. अण्णांनी हे पाहिलं असतं तर रंगवणाऱ्याला काही बोलले नसते. आपण वेळीच उलटी करून पाहिली नाही, याचाच त्यांना सल राहिला असता. त्या दिवशी मी मिस्तरींना एकच सांगितलं : लांबीने झाकायचं नाही. जेवढं गेलंय तेवढं कापायचं, नवा पत्रा जोडायचा, आणि जोड आतूनही स्वच्छ दिसला पाहिजे. रंग शेवटी.

काम सात महिने चाललं. दाराची मूठ आणि मागची काच आणायला मी कुर्ल्याला गेलो. जिथे ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात तिच्या जातीच्या सुट्या भागांचा शोध घेत फिरलो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली. २० वर्षं भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. माझ्या हातातली मूठ अशाच एखाद्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची असेल. किती हातांनी ती ओढली असेल, कुणाला इस्पितळात, कुणाला घरी पोचवलं असेल. मी ती पुसली, पण फार घासली नाही.

मग प्रश्न आला : कुठवर जुनं, कुठून नवं? गाडीला ५० वर्षं झाली होती. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार, मूळ रूपात जपलेल्या अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते. मान मोठा आहे. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला किंवा देखभालीपुरती बाहेर काढायची. मी दोन रात्री विचार केला. पेटीत घडी घालून ठेवलेली पैठणी घडीवरच चिरते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिला अधूनमधून उलगडावं लागतं, नेसावं लागतं. फियाट काचेमागे ठेवायला घेतलेलीच नव्हती. ती माणसं आणायला-पोचवायला घेतली होती.

रस्त्यावर आणायची, तर आजच्या रस्त्याला तोंड देईल अशी करणं भाग होतं. शिसंवालं पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं. त्या शिशाने तिच्या व्हॉल्व्हच्या बैठकी जपल्या जायच्या. म्हणून हेड उतरवून कठीण धातूच्या बैठकी बसवल्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. शेजारच्या कोपरगावचा ऊसही त्यात उतरत असेल, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, टाकी पाणी धरते. नळ्या नव्या घातल्या. डायनामो मंद चालीवर पुरेशी वीज देत नसे आणि चौफुलीवर थांबलं की दिवे मिणमिणायचे. तिथे अल्टरनेटर आला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले, कारण कसाऱ्याच्या घाटात ड्रम तापून ब्रेक हलके पडल्याचं मी स्वतः अनुभवलं होतं. आणि बाकाला पट्टे लावले, मधल्या जागेलाही.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, इंजिन काढून बॅटरीची मोटार बसवू. धूर नाही, आवाज नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या पिढीला धुराचा हिशोब द्यायचा आहे. त्याने दुसरंही सुचवलं : गिअर खाली घेऊ, पुढे दोन वेगळ्या सीट टाकू, चालवायला सोपं जाईल. मी त्याला दुकानात नेलं. एका जुन्या पैठणीशेजारी आजची ठेवली. जुनीत जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. आताच्या बहुतेकींत तांब्यावर चांदी. रंग तेव्हा वनस्पतींचे, आता रासायनिक. मागावर वीज आली, पण ती डोक्यावरच्या दिव्यापुरती. ‘एवढं सगळं बदललं, तरी हिला आपण पैठणीच म्हणतो. का?’ त्याने पदर उलटा केला. बराच वेळ बघत राहिला. २०१०मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला वाटतं, त्या मानांकनाने राखलं ते हेच : हाताने, धाग्यात धागा अडकवून विणण्याची रीत.

‘आपल्या गाडीत ते काय आहे?’ त्याने विचारलं.

मला तोवर नेमकं सांगता आलं नव्हतं, तेव्हा सुचलं. तिन्हीसांजेला विंचूर चौफुलीकडून येणारा तो आवाज ऐकून आई चहाचं आधण ठेवायची, तो आवाज. आणि ती मधली जागा. गिअर खाली घेतला की ती जागा संपली. जीव जपायला जे लागेल ते नवं घालावं. पण माणूस माणसाशेजारी कसा बसतो, ते मोडू नये. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनाचा कार्बोरेटर स्वतः धुऊन काढला. धूर कमी व्हावा म्हणून मिश्रणाचा स्क्रू कसा लावायचा, हे मिस्तरींकडून तासभर शिकत बसला.

संक्रांतीच्या दिवशी गाडी घरी आली. येवल्याचं आभाळ पतंगांनी भरलं होतं, गच्च्यांवर हलकडी वाद्यं कडाडत होती, पोरांच्या हातांत मांज्याच्या आसाऱ्या गरगरत होत्या. मी गाडी दारात लावली. फिकट निळा रंग, अण्णांच्या वेळचा. शेजारी जमले, रंगाचं कौतुक करू लागले.

आई बाहेर आली. तिने रंगाकडे पाहिलं नाही. दार उघडलं, वाकली आणि दाराच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, बोट फिरवत गेली. जोडावर बोट थांबलं. पुन्हा एकदा फिरवलं. एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई अण्णांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी, सावकाश, घाई न करता बघत होती. माझा श्वास अडकला होता.

मग ती सरळ झाली, बोट पदराला पुसलं आणि पुढच्या बाकावर आपल्या जागी बसली. नातवाला हाक मारून म्हणाली, ‘ये, मधे बैस. अंकाईपर्यंत जाऊन येऊ.’