अस्सलबरहुकूम

आमच्या अळणावरास लाकडाचे अप्रूप नाही. दांडेलीच्या जंगलातून उतरणारे सागवानी ओंडके पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि कापडावर रोगण, एवढ्या भांडवलावर माणसे आभाळात लढली, हे आम्हांस उमगले ते साठी उलटल्यावर, नातवाने दाखवलेल्या छायाचित्रांतून.

ती होती सॉपविथ डॉल्फिन या पहिल्या महायुद्धातील लढाऊ विमानाच्या पूर्णाकृती प्रतिकृतीची. न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड ऱ्हाइनबेक येथे जुन्या विमानांचा तळ उभारणाऱ्या कोल पॅलेन यांनी ती १९७७ साली घडवली. कचेरीत जन्मभर नकलांवर शिक्के मारलेले आम्ही. मनात आले, नक्कल ती नक्कल, तिचे कौतुक ते किती करावे!

मग मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर आठवले. केंब्रिजला शिकलेला हा तरुण तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिनच चालवीत असे. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवरून परतला नाही. जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला व ३० जूनला वारला. फ्रान्समध्ये हँगार्ड येथे त्याची कबर आहे.

डॉल्फिनचा वरचा पंख खालच्याहून किंचित मागे. त्याच्या मध्यभागी उघडी चौकट, आणि तीतून वैमानिकाचे डोके वर आलेले. समोरचे आणि वरचे आकाश स्वच्छ दिसे; पण विमान उलटले तर आधी मान सापडायची. हे आम्ही पूर्वी वाचले होते. छायाचित्रातील ती चौकट पाहिली तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

युद्धानंतर डॉल्फिनचे एकही विमान सबंध उरले नाही. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाने २०१२ साली पुरे केले, तेही जुने अवशेष जुळवून. आमच्या घराचे तरी वेगळे काय? आजोबांच्या खरेदीखताचा अस्सल कागद वाळवीने खाल्ला. पुढे वाद उभा राहिला, तेव्हा कोणा कारकुनाने सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या नकलेनेच छप्पर राखले. त्या कारकुनाचे नाव आम्ही कधी विचारलेही नाही.

पॅलेन यांचे डॉल्फिन बरीच वर्षे प्रेक्षकांसमोर उडत असे. १९९० साली इंधनाचा पंप बिघडून ते कोसळले.

"आजोबा, विमान खोटे, पण पडले खरेच की!" नातू म्हणाला.

आम्ही त्यास ते चौकटीचे छायाचित्र पुन्हा काढावयास सांगितले.