सत्तावीसांतली एक

मे १९६९मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीने देशभरातल्या वितरकांचा मेळावा भरवला. बेत अचाट होता: एका झपाट्यात सत्तावीस अल्बम बाजारात उतरवायचे. कंपनीत जो कोणी गाऊ-वाजवू शकत होता, त्याच्याकडे एलपीची मागणी झाली. त्या ढिगातल्या एका रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. वरून टिपलेलं चकाकतं टक्कल, त्याखाली गॉगल आणि गळ्यात सोनेरी साखळी. तरुण कृष्णवर्णीय अमेरिका अभिमानाने आफ्रो केस वाढवत होती, त्या वर्षांतलं हे टक्कल. आत गाणी फक्त चार, त्यातलं शेवटचं पावणेएकोणीस मिनिटांचं. अल्बमचं नाव ‘हॉट बटर्ड सोल’, गायक आयझॅक हेज. त्याचा हा दुसरा अल्बम. पहिला कधी आला नि कधी गेला, ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

या रेकॉर्डबद्दल बोलताना बहुतेक जण तिच्या लांबीपासून सुरुवात करतात. ते साहजिक आहे, पण अपुरं आहे. खरी गंमत अशी की ही रेकॉर्ड चालावी अशी कोणाचीच गरज नव्हती. सव्वीस दुसऱ्या होत्या ना! हेजला मिळालेली मोकळीक ही त्याच्या प्रतिभेला दिलेली सलामी नव्हती. हिशेबाच्या वहीत एक आकडा भरायचा होता, एवढंच.

तो आकडा का भरायचा होता, हे समजायला दीड वर्ष मागे जावं लागतं. जिम स्टुअर्ट हा बँकेत नोकरी करणारा, हौसेने फिडल वाजवणारा माणूस. त्याने आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने मिळून स्टॅक्स उभी केली. मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर हाच त्यांचा स्टुडिओ. सिनेमाघराची उतरती जमीन त्यांनी तशीच ठेवली, आणि त्या उतारावर बसून बुकर टी. अँड द एमजीज, ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह यांनी दक्षिणी सोल संगीत घडवलं. वर्णभेदाने दुभंगलेल्या शहरात गोरे आणि काळे वादक तिथे एकत्र वाजवत.

१० डिसेंबर १९६७ला ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात कोसळलं. त्याच्याबरोबर बार-केज या पोरसवदा वाद्यवृंदातले चौघे गेले. बेन कॉली विमानातून वाचला. बासवादक जेम्स अलेक्झांडर त्या विमानात नव्हता, म्हणून वाचला. पाठोपाठ दुसरा घाव बसला. वितरण करणारी अटलांटिक कंपनी वॉर्नरच्या ताब्यात गेली, स्टॅक्सने करार मोडायचं ठरवलं, आणि तेव्हा कळलं की स्टुअर्टने १९६५मध्ये नीट न वाचता सही केलेल्या कागदानुसार आजवर अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या मूळ टेप्स त्या कंपनीच्याच मालकीच्या होत्या. सॅम अँड डेव्ह तर मुळात अटलांटिकचेच, उसने आलेले. तेही परत गेले. म्हणजे कंपनी चालू, पण कपाट रिकामं. जुनी गाणी नसतील तर दुकानदार कोणत्या जोरावर तुमचा माल ठेवणार?

आणि ४ एप्रिल १९६८ला त्याच मेम्फिसमध्ये, लोरेन मोटेलच्या सज्जात, मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. लोरेन ही स्टॅक्सच्या मंडळींची रोजची जागा होती. बाहेरून आलेले गायक तिथे उतरत; ‘नॉक ऑन वुड’सारखी गाणी तिथल्या खोल्यांत रचली गेली. हेजने पुढे सांगितलं की त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याला काही सुचेना.

या हेजला तोवर गायक म्हणून कोणी ओळखत नव्हतं. टेनेसीतल्या कोव्हिंग्टन गावी १९४२मध्ये त्याचा जन्म, सांभाळ आजी-आजोबांकडे, बालपण अठराविश्वे दारिद्र्यात. मेम्फिसमध्ये तो मांसप्रक्रियेच्या कारखान्यात काम करायचा आणि रात्री क्लबांत वाजवायचा. बुकर टी. जोन्स कॉलेजला गेला म्हणून त्याच्या जागी ऑर्गन वाजवायला हेज स्टॅक्समध्ये आला आणि तिथेच टिकला. डेव्हिड पोर्टरबरोबर त्याने सॅम अँड डेव्हसाठी ‘सोल मॅन’, ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ अशी गाणी लिहिली. तीन मिनिटांच्या आत श्रोत्याला खुर्चीतून उठवणारी गाणी, एकही मात्रा फालतू नाही. पुढे ज्याच्यावर पाल्हाळाचा आरोप झाला, त्याच्याइतका काटेकोर कारागीर त्या इमारतीत क्वचितच कोणी असेल.

पहिला अल्बम ‘प्रेझेंटिंग आयझॅक हेज’ १९६८चा. एक पार्टी संपल्यावर रात्री स्टॅक्सच्या अल बेलने हेजला पियानोवर बसवलं, बासवर डक डन, ड्रम्सवर अल जॅक्सन, आणि टेप सुरू. गाणी एकमेकांत मिसळत, रेंगाळत गेली. ऐकताना वाटतं, तिघे मित्र मध्यरात्रीनंतर स्वतःसाठी वाजवताहेत. पण दुसऱ्या अल्बमचं बी त्यात आहे.

अल बेल हा पूर्वाश्रमीचा रेडिओ निवेदक, आता स्टॅक्सचा खरा चालक. कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या अवाढव्य उद्योगसमूहाला विकली गेली होती, जॉनी टेलरच्या एका गाण्याने थोडा दम दिला होता, आणि बेलला एका फटक्यात नवं कपाट भरायचं होतं. हेजने अट घातली: करीन, पण माझ्या मनासारखा. काय गायचं, किती वेळ गायचं, कसं गायचं, यात कोणी पडायचं नाही. बेल हो म्हणाला. निर्माते म्हणून बेल स्वतः, रुफस टॉमसचा मुलगा मार्व्हेल टॉमस आणि ॲलन जोन्स.

स्टॅक्सच्या स्टुडिओत तेव्हा गर्दी उसळलेली, म्हणून ही मंडळी शहरातल्याच आर्डेंट स्टुडिओत गेली. ध्वनिमुद्रक टेरी मॅनिंग. साथीला नव्याने उभे केलेले बार-केज: विमानात नसलेला जेम्स अलेक्झांडर बासवर, विली हॉल ड्रम्सवर. हेज हॅमंड ऑर्गनवर बसून वाजवता वाजवता गायला. तंतुवाद्यं आणि ब्रास नंतर डेट्रॉइटमध्ये जॉनी ॲलनच्या मांडणीत चढवली गेली. डेट्रॉइट हे प्रतिस्पर्धी मोटाउनचं गाव.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातल्या माणसाला या रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा काय जाणवत असेल, तर तळाची शिस्त. ‘वॉक ऑन बाय’ हे बर्ट बकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचं गाणं, डिऑन वॉर्विकने १९६४मध्ये तीन मिनिटांत, ‘मला न पाहिल्यासारखं करून पुढे जा’ म्हणणाऱ्या बाईच्या संयमाने गायलेलं. हेजच्या हातात ते बारा मिनिटांचं होतं. ड्रम्सचा ठोका, मग व्हायोलिनांची लाट, मग विकृत केलेल्या गिटारचं विव्हळणं, आणि गायक यायच्या आधी दोन मिनिटं निघून जातात. एवढ्या अवधीत बास आणि ड्रम्स हलत नाहीत. वर कितीही वादळ उठो, खाली तीच चाल, त्याच वजनाने. त्यामुळे गाणं लांब वाटत नाही, मोठं वाटतं. शेवटी ऑर्गन आणि गिटार एकमेकांवर तुटून पडतात तो भाग मला आजही रॉकच्या अनेक गाजलेल्या रेकॉर्डींपेक्षा धाडसी वाटतो.

दुसरं गाणं ‘हायपरबॉलिकसिलॅबिकसेस्क्विडेलिमिस्टिक’. (खिळे जुळवणारे जुळारी आज असते तर त्यांनी या नावावर बहिष्कार घातला असता.) बेल आणि हेज यांनी लिहिलेलं, लांबलचक शब्दांची टिंगल करत प्रेमाची कबुली देणारं, आणि अर्ध्यानंतर शब्द सोडून पियानोच्या एका घाटात शिरणारं. चारांत हेच तेवढं हेजच्या लेखणीचं. ‘वन वुमन’ पाच मिनिटांचं, सरळ, नेटकं. दुसऱ्या कोणाच्या अल्बममध्ये ते उठून दिसलं असतं, इथे ते विश्रांतीस्थान होतं.

आणि मग ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’. जिमी वेबचं गाणं, ग्लेन कॅम्पबेलने १९६७मध्ये गाजवलेलं, गोऱ्या कंट्री-पॉपचा अस्सल नमुना: एक माणूस प्रेयसीला सोडून गाडीने निघालाय आणि वाटेतल्या एकेका शहरी पोचताना, ती आत्ता काय करत असेल याचा अंदाज बांधतोय. कॅम्पबेलला त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत. हेजने ते मेम्फिसच्या टिकी क्लबमध्ये म्हणायचं ठरवलं. गिऱ्हाईक आपल्या गप्पांत दंग. हेजने बार-केजना एकच स्वरसंगती धरून ठेवायला सांगितली आणि तो बोलायला लागला: हा माणूस कोण, कुठून आला, का निघाला. हळूहळू टेबलं गप्प झाली. मग गाणं.

रेकॉर्डवर हे निवेदन आठ मिनिटांहून जास्त चालतं. टेनेसीच्या डोंगराळ भागातला एक तरुण, पश्चिम किनाऱ्यावर जाऊन केलेला संसार, घरी अवचित परतल्यावर दिसलेलं दृश्य, सात वेळा घर सोडणं आणि सात वेळा परत येणं. मागे ऑर्गनचा एक धरून ठेवलेला सूर, झांजेची टकटक आणि बासचा एकसुरी ठेका. मराठी वाचकाला कीर्तनकाराचं निरूपण आठवेल. हेजच्या मागे मात्र दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला उपदेशक होता, ज्याचं बोलणं कोणत्या क्षणी गाणं झालं हे भाविकांनाही कळत नाही. वेबच्या मूळ गाण्यातला माणूस का निघाला हे आपल्याला माहीत नसतं, आणि त्या न सांगण्यातच त्या गाण्याचं सौंदर्य आहे. हेज सगळं सांगून टाकतो. हा दोष मानणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण सांगून झाल्यावर जेव्हा तो पहिली ओळ गातो, तेव्हा तीच ओळ दुसऱ्याच वजनाने पडते.

आता असली रेकॉर्ड विकायची कशी? सोलचा धंदा तेव्हा पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर चालायचा. एलपी म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक एलपीवर पैसे घालत नाही, असं कंपन्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या एएम रेडिओ केंद्रांवर पावणेएकोणीस मिनिटांना जागाच नव्हती.

‘हॉट बटर्ड सोल’ बिलबोर्डच्या आर अँड बी अल्बमांच्या यादीत दहा आठवडे पहिला राहिला. सर्वसाधारण यादीत आठवा. जॅझच्या यादीतही पहिला, जे जॅझवाल्यांना कितपत रुचलं असेल कोण जाणे. दहा लाखांवर प्रती खपल्या. म्हणजे श्रोत्यांनी आधी एलपी उचलली आणि कंपनीने मागाहून कात्री काढली: ‘वॉक ऑन बाय’ आणि ‘फीनिक्स’ छाटून एकाच छोट्या तबकडीच्या दोन बाजूंना आली आणि पॉपच्या यादीत अनुक्रमे तिसावी आणि सदतिसावी ठरली. एरवी छोटी तबकडी एलपी खपवते. इथे वरात उलटी निघाली होती.

समीक्षकांचं मन जिंकणं अवघड गेलं. ओटिस रेडिंगचा घोगरा, घामाने निथळणारा आवाज हीच सोलची खूण मानणाऱ्यांना व्हायोलिनं म्हणजे पाणी घालणं वाटे, आणि कंट्री-पॉपची गाणी उचलणं म्हणजे गोऱ्या दिवाणखान्यात शिरण्याची धडपड. माझ्या मते त्यांनी दिशाच उलटी वाचली. हेज ती गाणी घेऊन दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात गेला नाही. त्याने ती टिकी क्लबात आणली.

परिणाम लगेच दिसले. सोल गायकाला एलपीभर जागा देणं हा जुगार नाही, हे आता आकड्यांनीच दाखवलं होतं. मार्व्हिन गे, कर्टिस मेफील्ड, स्टीव्ही वंडर यांनी पुढच्या तीन-चार वर्षांत जे केलं त्याचं सगळं श्रेय हेजच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल, पण दार उघडं होतं आणि ते कोणी उघडलं हे मालकांना ठाऊक होतं. बॅरी व्हाइटच्या खर्जातल्या कुजबुजीचं मूळ तर शोधायलाही नको. हेजने स्वतः १९७०मध्ये त्याच साच्यातले दोन अल्बम काढले, दोन्ही आर अँड बीमध्ये पहिले. निवेदनांना तर तो ‘आइक्स रॅप’ असं नाव देऊन क्रमांक घालू लागला. शोधाची सवय झाली की तो थोडा बोथट होतो, तसं त्यांचंही झालं. हेजचं संगीत असलेला ‘शाफ्ट’ हा चित्रपट आला १९७१मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्याच्या शीर्षकगीताला ऑस्कर.

स्टॅक्स १९७५च्या डिसेंबरात बुडाली. वर्षभरात हेजचंही दिवाळं निघालं आणि आपल्या गाण्यांच्या पुढच्या उत्पन्नावरचे हक्क त्याने गमावले. १९८८मध्ये पब्लिक एनिमीने ‘ब्लॅक स्टील इन द आवर ऑफ केऑस’साठी त्या लांबलचक नावाच्या गाण्यातला पियानोचा तुकडा उचलला. ‘वॉक ऑन बाय’चे तुकडे १९९४मध्ये नोटोरियस बी.आय.जी.ने ‘वॉर्निंग’मध्ये वापरले, २०००मध्ये वू-टँग क्लॅनने वापरले आणि तिथे हेजला गायलाही बोलावलं. २०१६मध्ये बियॉन्सेच्या ‘सिक्स इंच’मध्ये तीच व्हायोलिनं पुन्हा आली. त्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारांच्या यादीत बकरॅक आणि डेव्हिड यांची नावं आहेत, कायद्याने ती असायलाच हवीत. हेजचं नाही, त्याने ते गाणं फक्त गायलं-वाजवलं होतं.