सड्यावरची फेक

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण कॅनडाहून सुट्टीवर आला आणि परत जाताना तीन प्लास्टिकच्या चकत्या मुलांच्या हाती ठेवून गेला. वीतभर रुंदीच्या, वजनाने पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, कडेला निमुळत्या. खेळाचे नाव डिस्क गोल्फ. यात काठी नाही, चेंडू नाही. चकती फेकीत फेकीत साखळ्या टांगलेल्या टोपलीपर्यंत न्यावयाची. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत एड हेड्रिक या गृहस्थाने या खेळाचे मैदान आखले. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. २००२ साली तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेने त्याची रक्षा चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. (मृताच्या रक्षेच्या अशा आठवणवस्तू करू नयेत, असे व्हॅटिकनने २०१६ साली स्पष्ट सांगितले. हेड्रिकसाहेबांनी तेवढी वाट पाहिली नाही.)

मुलांनी गावाबाहेरचा सडा निवडला. कातळशिल्पे नसलेली जागा पाहा, एवढी एकच अट आम्ही घातली. काजूच्या झाडाला मासळीचा जुना क्रेट टांगला, त्याला सायकलची साखळी अडकवली, आणि खेळ सुरू झाला. आम्ही केवळ पाहण्यासाठी गेलो होतो. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोणी "फादर, तुम्ही बसा सावलीत," असे म्हटले की त्याचे काय होते, हे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना सांगावयास नको.

लहानपणी आम्ही कैऱ्या पाडीत असू. तोच दगड मारण्याचा हात आम्ही चकतीला लावला. चकती पुढची कड वर करून आभाळाकडे निघाली, क्षणभर थबकली आणि वाऱ्याबरोबर आमच्याच मागे येऊन पडली. मुले हसली नाहीत, हे अधिक लागले. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा. प्रत्येक वेळी अधिक जोराने. दुपारपर्यंत उजवा खांदा पेटला होता.

हा शनिवार होता. रविवारी मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर उंच धरण्याचा क्षण आला आणि हात छातीच्या वर जाईना. डाव्या हाताने सावरून घेतले. कोणाच्या ध्यानात आले नसेल असे वाटले. मिस्सानंतर शेवटच्या बाकावर बसणारी एक वृद्ध मावशी दाराशी थांबली. ठेंगणी बाई, दृष्टी अधू. ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. म्हणाली, "फादर, आज मला देव दिसला नाही."

त्या दुपारी आम्ही जेवलो नाही. मक्काबींचे दुसरे पुस्तक उघडले. त्यात यासोन महायाजकाच्या काळातली, म्हणजे ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराची, एक हकिकत आहे: यरुशलेमेत ग्रीक धर्तीची व्यायामशाळा निघाली, आणि थाळीफेकीची हाक ऐकू आली की याजक वेदीची सेवा टाकून तिकडे धावू लागले. सेमिनरीत असताना या याजकांवर आम्ही फार कडक निबंध लिहिला होता. गुण चांगले पडले होते.

हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही भाट्याच्या खाडीवर जाऊन बसत असू. पावसाळी बंदीमुळे मोठ्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या. काठाला मात्र एक दालदी म्हातारे पाग टाकीत उभे असत. पाग म्हणजे गोल जाळे, कडेला शिशाच्या गोळ्या. ते सोपे वजन नव्हे, आणि चाचांचे वय सत्तरीच्या पुढे. तरी प्रत्येक वेळी जाळे हवेत ताटासारखे उघडे आणि सपाट पाण्यावर बसे. आठवडाभर पाहिल्यावर ध्यानात आले की त्यांचा हात सर्वांत शेवटी हलतो. आधी पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि हात त्यांच्या मागून ओढला येतो. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "हाताचं काय काम नाय, फादर. घट धरलात तर जाळा उघडतच नाय."

चकतीचेही नेमके तेच आहे. ती हाताने फेकली तर हाताचीच ताकद मिळते, आणि ती थोडी असते. पावलाने रोवलेला, कमरेने वळवलेला जोर मनगटापर्यंत पोहोचला की चकतीला गिरकी मिळते. गिरकीवाचून ती लटपटते. चकती छातीलगत सरळ रेषेत ओढावी. हात शरीराभोवती कमानीत फिरवला तर दिशा जाते. पुढची कड किंचितही वर नको. बोटे शेवटच्या क्षणापर्यंत सैल. आणि उजव्या हाताने उलट्या फेकीत टाकलेली चकती वेग ओसरला की डावीकडे झुकते. तो तिचा स्वभाव आहे, तो धरूनच नेम घ्यावा. आम्ही ती खोड मोडण्यात दोन महिने घालवले होते.

खांदा सुटल्यावर ऑक्टोबरात पुन्हा सड्यावर गेलो. आमची फेक तीस पावलांवरून पन्नासवर गेली. मुलांची नव्वद जाते. शनिवारी मात्र आम्ही चकतीला हात लावीत नाही. मावशी पुढच्या बाकावर बसू लागली आहे. आमच्यावर भरवसा ठेवून की न ठेवून, हे आम्ही विचारलेले नाही.

मध्यंतरी एक चकती चाचांना दाखवावी म्हणून खाडीवर नेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, पाय रोवला, वळले आणि सोडली. इतकी सपाट, इतकी लांब गेलेली फेक आम्ही अद्याप पाहिलेली नाही. ती खाडीच्या मधोमध उतरली. या चकत्या बहुतेक पाण्यात बुडतात, ही गोष्ट सांगावयाची आमच्याकडून राहिली होती. चाचांनी होडी काढली, त्या जागी तीनदा पाग टाकला. चकती आली नाही. दोन बोय आल्या. त्या त्यांनी आमच्या पिशवीत घातल्या. शुक्रवार होता, त्यामुळे स्वयंपाकघरात प्रश्न उद्भवला नाही. मुलांना काय सांगावे, हे अजून ठरावयाचे आहे.