फेरतपासणी

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाजवळ एक गुपित असते. सकाळी ज्या निबंधाला तो 6 गुण देतो, त्यालाच संध्याकाळी, चहा यायला उशीर झाला तर, 4 देईल! वीस वर्षे मराठीचे पेपर तपासताना हे गुपित मी जपले. पण परवा वाचनात आले, की घोड्यांचे डॉक्टरही आमच्याच बिरादरीतले आहेत.

शर्यतीच्या घोड्याच्या फुप्फुसात भरधाव धावताना पुष्कळदा रक्तस्राव होतो. बाहेर बहुधा काहीच दिसत नाही. मग फुप्फुसात मिठाचे पाणी सोडून ते परत ओढतात आणि त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सांडलेल्या रक्तातले लोह गिळून बसलेल्या पेशी विशिष्ट रंग घातला की निळ्या दिसतात. अशा 300 पेशी पाहायच्या आणि निळेपणाच्या मानाने प्रत्येकीला 0 ते 4 गुण द्यायचे! मौज अशी, की दोन तज्ज्ञांचे गुण जुळत नाहीत. एकाच तज्ज्ञाने दोनदा दिलेलेही जुळत नाहीत. म्हणून जर्मनीतल्या काही संशोधकांनी हे काम संगणकाला शिकवले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 17 काचपट्ट्यांवरच्या 78,047 पेशींची नोंद आहे. संगणक सगळी पट्टी पाहतो आणि त्याला चहा लागत नाही.

वाचता वाचता मला वरठी आठवली. भंडाऱ्याचे स्टेशन तिथे, गावापासून बरेच दूर. लहानपणी एकदा वडिलांबरोबर टांग्याने गाडी गाठायला निघालो होतो. घोडा सारखा खोकत होता. श्वास सोडताना त्याचे पोट आत ओढले जाई.

“याले दम लागते जी, मास्तर,” टांगेवाले काका म्हणाले.

गाडी चुकण्याच्या धास्तीने मी ओरडलो, “कामचोर आहे तो! मारा ना काका!”

चाबूक उठला. गाडी मिळाली.

आज वाटते, त्याचे दुखणे शर्यतीच्या घोड्याचे नसावे. बुरसट चाऱ्याच्या धुळीने जडणारा दमा असावा. त्याच्या निदानासाठीही फुप्फुसातल्या त्या पाण्यातल्या पेशी मोजतात. औषधे आहेत, पण पहिला उपाय म्हणजे धूळ टाळणे. चारा भिजवून घालावा, तबेल्यात वारा खेळू द्यावा. वैनगंगेच्या काठी राहून एक बादली पाणी काही महाग नव्हते!

संगणक गुण देईल, चोख देईल. पण त्याच्यापुढे काचपट्टी ठेवण्याआधी कुणीतरी घोड्याकडे पाहून ‘याला दम लागतो’ असे म्हणावे लागते. काकांनी ते म्हटले होते. मीच न पाहता शून्य दिले. आणि त्या पेपराची फेरतपासणी आता होणे नाही.