हळदीच्या पानाचे वाचन

गेल्या भाद्रपदात पावसाची उघडीप होती. जवळा बाजारला काकांच्या हळदीत फिरताना एका पानावर तपकिरी डाग दिसले. पान तोडून पांढऱ्या कागदावर पसरले, शेजारी मोजपट्टी ठेवली आणि छायाचित्र काढले. लॅपटॉपवर 'इमेज-जे' ही प्रणाली होतीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ती घडवली. १९९७ पासून ती सर्वांना खुली आहे, आणि तिची मूळ संहिताही. २००८ साली बॉस्टन परिसरात हौशी जीवशास्त्राची जी चळवळ आकाराला आली, तिचा भर अशाच खुल्या साधनांवर आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून निरीक्षण अडू नये, ही त्यामागची भूमिका.

मोजपट्टीवरून प्रणालीला प्रमाण सांगितले, तपकिरी रंगाची मर्यादा ठरवून दिली. तिने उत्तर दिले : पानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. साहित्याच्या अध्यापकाला एवढ्या नेमकेपणाची सवय नसते. मी उत्साहाने काकांना पडदा दाखवला.

त्यांनी पडद्याकडे नव्हे, पानाकडे पाहिले. "मधी राखाडी अन् कडंनं पिवळं, तो करपा. हे टोकाचं नुसतं उन्हानं भाजलंय. तू दोन्ही एकच धरलं की रे."

चूक प्रणालीची नव्हती. पिवळी कड मी तिला सांगितलीच नव्हती. संहिता खुली असल्यामुळे तो नियम मला तिच्यात घालता येतो. पण कुणीतरी तो लिहावा लागतो.

तेव्हा हळदीचेच एक जुने प्रकरण आठवले. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली एक पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. घरोघरच्या आज्यांचा अनुभव तिथे पुरावा ठरत नव्हता. अशा फेरतपासणीत छापील मजकूरच ग्राह्य असतो. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदीतील जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवावे लागले. हळद वाचली ती कुणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते म्हणून.

माझ्या आजीलाही पिकाच्या कितीतरी खुणा ठाऊक होत्या. ती गेली तेव्हा मी वर्गात कविता शिकवत होतो. तिचे बोलणे टिपून घेण्याजोगे मला कधी वाटलेच नव्हते. काकांनी आता सत्तरी ओलांडली आहे.

त्या संध्याकाळी लॅपटॉप मिटला आणि वही उघडली. पहिली ओळ काकांचीच, त्यांच्याच शब्दांत लिहिली. प्रणालीसाठीचा नियम त्यानंतर.